दुकानाचा इतिहास वहीत आहे, लोट्यात नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

विदर्भातल्या लहान गावांतील जुन्या किराणा दुकानांवर आपल्या पुरवणीत लेख येत आहेत. विषय चांगला निवडलात. पण लेखांचा साचा ठरून गेला आहे. पणजोबा एक लोटा आणि दोरी घेऊन राजस्थानातून आले, ओट्यावर झोपले, चणे खाऊन दिवस काढले आणि चार पिढ्यांत पेढी उभी राहिली. त्यावर वाचकांची जी पत्रे छापून येतात, त्यांचाही साचा ठरलेलाच: आले, सावकारी केली, शेती लिहून घेतली. या दोन्ही गोष्टींत दुकान कुठे आहे? तिथे काय विकत होते, कोणत्या मापाने, उधारी कशी चाले, वसुली कधी होई, यातले काही सापडत नाही. हे सारे दुकानाच्या लाल वह्यांत लिहिलेले आहे. त्या वाचायच्या कशा, एवढ्यासाठी हे पत्र.

आधी कोण आले आणि का, ते थोडक्यात. वऱ्हाडात कापूस आधीपासून होताच. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चालले, तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेना आणि इकडचा भाव चढला. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोचली, १८७० मध्ये जलंब-खामगाव फाटा सुरू झाला, पुढे वर्धा-वरोरा, पुलगाव-आर्वी, मूर्तिजापूर-यवतमाळ अशा शाखा फुटल्या. नकाशावर या रेघा काढा आणि जुनी दुकाने टिंबांनी दाखवा. टिंबे रेघांना धरून आणि बैलबाजाराच्या रस्त्यांना धरून बसतील. लोट्याच्या गोष्टीपेक्षा हा नकाशा जास्त सांगतो. माणसे कापसाच्या पैशामागे आली. विक्रम संवत १९५६ चा, म्हणजे १८९९-१९०० चा छप्पन्या दुष्काळ मारवाडात पडला, तेव्हाही तिकडून घरे निघाली. पण त्याच वर्षी वऱ्हाड आणि मध्य प्रांतही दुष्काळात होरपळत होता, हे त्या गोष्टी सांगणारे विसरतात.

दुसरे असे की, आपल्याकडे किराणा दुकानदार म्हटला की 'मारवाडी' म्हणायची सवय आहे, मग तो कुणीही असो. खरे तर शेखावाटी आणि बिकानेरकडचे माहेश्वरी, अग्रवाल, ओसवाल हा एक ओघ. कच्छ-काठेवाडातून आलेले गुजराती, मेमन आणि बोहरी हा दुसरा. गोंदियाकडे बिडीपत्त्याच्या धंद्यात गुजराती घरे उतरली. चंद्रपूर, वणी, सिरोंच्याच्या बाजूला तेलुगू कोमटी दुकानदार होते, आणि 'कोमटी' हा शब्द तर मराठीत थेट कंजुषीचा पर्याय होऊन बसला. १९४७ नंतर सिंधी कुटुंबे आली. त्यांच्याजवळ गावही उरले नव्हते आणि रेल्वेकाठची जुनी ओळखही नव्हती. ती नागपुरात जरीपटक्यात बसली, आणि तिथून कापड, कटलरी, किराणा घेऊन तालुक्या-तालुक्यात पांगली. यांच्या वह्यांच्या लिप्याही वेगळ्या आहेत. त्या पुढे येतीलच.

बसण्याची रीत मात्र सगळ्यांची जवळपास सारखी. पहिला माणूस मोठ्या गावातल्या नातलगाच्या दुकानी गुमास्ता म्हणून येई. जेवण मालकाकडे, पगार नावापुरता, आणि काम शिकण्याचे. चार-सहा वर्षांत धंदा हाती आला की मालक त्याला पुढच्या बाजारगावी उधारीवर माल भरून देई, किंवा पाती, म्हणजे भागीदारी, ठेवून शाखा काढून देई. म्हणजे जन्माने परका असलेला नवा दुकानदार गावात येतानाच कुणाच्या तरी खात्यावर नावे टाकलेला, म्हणजे देणेकरी, असे. त्याच्या पहिल्या वर्षाच्या वहीत सर्वांत मोठा आकडा गिऱ्हाइकाचा नसतो, मोठ्या दुकानाचा असतो. शंभर वर्षांपूर्वीचे भांडवल कुठून आले, या प्रश्नाचे उत्तर बहुतेकदा याच पानावर मिळते.

आता दुकान. समोर ओटा, त्यावर सागवानी फळ्यांचे दार. फळ्यांवर आतून आकडे कोरलेले असत, कारण क्रम चुकला की शेवटची फळी खाचेत बसत नाही. आत गादी, गल्ला, त्यामागे कोठी. कोठीत पोती जमिनीवर टेकत नसत. खाली लाकडी ओंडके, भिंतीपासून हातभर मोकळी जागा. ती उंदरांवर आणि वाळवीवर नजर ठेवायला हवी असे. मीठ आणि गूळ कधी शेजारी नाही. दोघेही हवेतला ओलावा ओढतात. आर्द्रा लागली की गुळाच्या भेलीला घाम फुटतो आणि खालच्या थरातला गूळ पाक होऊन पोत्यात उतरतो. म्हणून भेल्या कोठीच्या कोरड्या कोपऱ्यात, भुशावर रचून पोत्याने झाकत. मिठाची पेटी लाकडी, बाहेर ओट्यावर. लोखंडाजवळ ठेवली तर पत्रा खाते. मातीचे तेल सर्वांत दूर, मागच्या दाराशी. चहाच्या डब्याजवळ त्याचा डबा आला की महिनाभर गिऱ्हाईक चहाला नावे ठेवते.

तोलण्याची गोष्ट सविस्तर सांगायला हवी, कारण 'दांडी मारली' हा आरोप सगळे करतात आणि दांडी कशी मारतात हे फार थोड्यांना ठाऊक असते. तागडीची दोन्ही पारडी रिकामी असताना एक खाली गेले तर दुसऱ्याला खडा बांधतात. हा पासंग. तो दिसतो, म्हणून त्यात फसवणूक होणे कठीण. खरी खोट दांडीच्या लांबीत असते. मधल्या काट्यापासून एक हात सुताभर लांब असला तरी पारड्यांच्या वजनाने तो रिकामा तराजू सरळ ठेवता येतो. मग वजन लांब हाताला की माल लांब हाताला, यावर कुणाचा फायदा ते ठरते. ओळखायची रीत सोपी: एकदा तोलून झाले की माल आणि वजने यांची पारडी बदला. काटा हलला तर दांडी खोटी. बाजारात जाणत्या बाया हेच करायला लावत. वजनाच्या तळाशी शिशाचा गट्टू असतो, त्यावर सरकारी छाप असतो. गट्टू उकरलेला दिसला तर ते वजन घेऊ नये.

धान्य मात्र शेतकऱ्याच्या घरी पायलीने मोजले जाई आणि दुकानात तोलले जाई. भांडण बहुधा तिथेच होई. पायली शिगेची की सपाट? शीग म्हणजे वर आलेला ढीग, आणि ज्वारीची शीग तुरीपेक्षा वेगळी बसते. शिगेच्या मापाने घेऊन सपाट मापाने विकले की न बोलता नफा. तेलातही तसेच. एक लिटर गोडे तेल भरते साधारण ९१० ग्रॅम. किलोचा भाव सांगून लिटरचे माप ओतले की शंभर रुपयांत नऊ रुपये मापातच गेले. हे आजही चालते, फक्त माप पिशवीवर छापलेले असते आणि वाचत कुणी नाही.

१ एप्रिल १९५७ ला नवे पैसे आले. रुपयाचे १०० पैसे, म्हणजे आण्याचे सव्वासहा. सव्वासहाचे नाणे कुठून आणणार? तक्त्याप्रमाणे एका आण्याचे ६, दोनचे १२, तीनचे १९, चारचे २५. आण्याचा माल घेणाऱ्याने पाव पैसा वाचवला, तीन आण्याचा घेणाऱ्याने पाव पैसा जास्त दिला. लहान दुकानात आण्या-दोन आण्यांची विक्रीच जास्त, त्यामुळे पहिले वर्ष दुकानदाराला जड गेले. पुढे वजने बदलली. ८० तोळ्यांचा शेर म्हणजे ९३३ ग्रॅम, त्याच्या जागी किलो आला आणि १९६२ पर्यंत जुनी वजने व्यवहारातून निघाली. शेराचा जुना भाव किलोला तसाच ठेवला तर दुकानदार शेकडा सात तोट्यात जाई. म्हणून भाव वाढवला. 'किलो आला आणि महागाई आली' ही तक्रार जुन्या लोकांच्या तोंडी असे, तिचा उगम इथे आहे. पाव हा शब्द मात्र टिकला. पूर्वी तो २० तोळ्यांचा म्हणजे २३३ ग्रॅमचा होता, आता २५० चा.

उधारीकडे वळतो. किराण्याच्या उधारीवर व्याज लिहिलेले सापडत नाही, म्हणून काही लेखकांनी 'बिनव्याजी आधार' असे लिहून टाकले. व्याज भावात होते. रोखीचा भाव वेगळा, उधारीचा वेगळा. उदाहरण घ्या: एखादी जिन्नस रोखीत ४० रुपये, उधारीत ४२. मृगाच्या पावसाला नेली आणि कापूस विकून डिसेंबरात पैसे दिले, तर सहा महिन्यांना शेकडा पाच, वर्षाला दहा. हे बँकेच्या जवळपास. पण तीच जिन्नस कोजागिरीला नेली आणि डिसेंबरात दिली, तर दोनच महिन्यांना शेकडा पाच, म्हणजे वर्षाला तीस. जो उशिरा उधार घेई, त्याला सर्वांत महाग पडे. आणि उशिरा घेणारा बहुधा तोच, ज्याच्या घरची ज्वारी संपलेली. धान्याच्या उधारीत तर उघड सवाई-दीडी असे: पेरणीला एक खंडी नेली तर सुगीला सव्वा किंवा दीड परत. दामदुपटीचा जुना दंडक होता, व्याज मुद्दलाच्या पुढे जाऊ नये असा. पण वर्षअखेर व्याज मुद्दलात घालून नवे खाते उघडले की दंडक वाकतो. वहीत 'बाकी ओढून आणली' असे शब्द लागोपाठ तीन पाडव्यांना दिसले तर थांबून बेरीज करावी.

त्याच वेळी हेही खरे की, दुसऱ्या कुणाच्या दारी उधार मिळत नव्हते. सालदाराचे साल गुढीपाडव्याला ठरे, धान्य मात्र त्याला रोज लागे. वेचणीला जाणाऱ्या बाया सकाळी ओटीत कापूस आणून गूळ, तेल, तंबाखू नेत. तो कापूस दवाने ओला असे, म्हणून दुकानदार वजनात तूट धरी. मग ओट्यावर दोन तास वाळवे आणि तूट तशीच राही. ही तूट कोणत्याही वहीत लिहिलेली नाही. 'ओटीचा कापूस' या नावाने दिवसाची एकत्र रक्कम जमा असते, तिला वजनाने भागून आणि त्या दिवसाचा बाजारभाव लावून ती काढावी लागते.

वही वाचायची कशी? लांब कागद, त्याला घड्या घालून पाडलेल्या सळी, मधोमध शिवण, वर लाल कापड. रेघा आखलेल्या नसतात, घडीच्या सळीच रकान्याचे काम करतात. डावीकडे जमा म्हणजे आलेले, उजवीकडे नावे म्हणजे उधार दिलेले. इंग्रजी पद्धतीच्या हे उलट आहे, तेव्हा वाणिज्य शिकलेल्या मुलाला आधी हे सांगा, नाही तर कर्जदार सावकार होऊन बसेल. पहिल्या सळीत रक्कम, पुढच्या तीन सळीत तपशील. आकड्यानंतर उभ्या रेघा आणि आडव्या रेघा येतात. उभी रेघ म्हणजे चार आणे, आडवी म्हणजे एक आणा. १२॥= असे दिसले तर बारा रुपये दहा आणे. पान शिवणीत असल्याने एक फाडले की दुसऱ्या अर्ध्यातले जोडीचे पान सुटते. वही खरी की नंतर बनवलेली, हे शिवणीवरून कळते.

तारखेत सर्वांत जास्त लोक फसतात. मारवाडी मिती, म्हणजे तिथीची नोंद, पौर्णिमेला महिना संपवते, आपला अमावस्येला संपतो. त्यामुळे शुद्ध पक्षात महिन्याचे नाव एकच, पण वद्य पक्षात ते एक महिना पुढे. आपली आश्विन वद्य अमावस्या, म्हणजे लक्ष्मीपूजन, ती त्यांची कार्तिक बदी अमावस. संवताचे साल चैत्रात बदलणारे की दिवाळीला बदलणारे, हेही आधी ठरवा. मारवाडी पंचांगात चैत्रात, गुजराती घरांत दिवाळीला. ऑगस्ट १९४४ ची एकच नोंद एका दुकानी संवत २००१ ची आणि शेजारच्या दुकानी २००० ची असेल. सन काढताना चैत्री संवतातून चैत्र ते डिसेंबर ५७ वजा, जानेवारी ते फाल्गुन ५६. दुकान कधी उघडले, यावरून एकाच घरातले भाऊ भांडतात, त्यातली निम्मी भांडणे या एका वर्षाची असतात.

लिपीचे काय? मारवाड्यांची मुडिया म्हणजे आपली मोडी नव्हे. मोडी वाचणारा माणूस आणाल आणि तो हात वर करील. मुडियात काना-मात्रा गाळतात. 'काकाजी अजमेर गया' लिहिले आणि घरच्यांनी 'काकाजी आज मर गया' वाचून रडारड केली, हा विनोद त्यांच्यातच सांगतात. गुजराती वाण्यांची लिपी शिरोरेघेविना, सिंध्यांची हटवाणिका आणखी निराळी. पण घाबरण्याचे कारण नाही. खातेदारांची नावे, गावाची नावे आणि जिन्नस तेच ते येतात. मीठ, गूळ, तेल, तंबाखू, मिरची असे वीस-पंचवीस शब्द ओळखू आले की पान उलगडते. नावापुढे 'ह.' म्हणजे हस्ते, माल कुणी नेला ते. 'ह. खुद्द', 'ह. मुलगा', 'ह. घरची'. गावातल्या बायांचा बाजारातला वावर मोजायला याहून चांगले साधन गावात दुसरे नाही.

वर्षाची लयही तिथेच दिसते. मृगापासून नावे वाढत जातात. पोळ्याला बैल सजवायच्या मटाट्या, बेगड, हिंगूळ, शिवाय बेसन. सीतादही, म्हणजे कापसाच्या पहिल्या वेचणीची पूजा, झाली की जमा सुरू होते आणि मार्गशीर्ष-पौषात डावी बाजू भरते. ज्या वर्षी ती भरत नाही, त्या वर्षी पाऊस किती आला हे वेगळे शोधावे लागत नाही. १९७२ पासून राज्याची कापूस एकाधिकार खरेदी आली. सोसायटीचे कर्ज कापून चेक मिळू लागला आणि तोही उशिरा, म्हणून जमा पौषातून सरकत होळीपर्यंत गेलेली दिसते. पुढे सोयाबीन आले आणि जमा दिवाळीआधी उडी मारून आली. मोठी उधारी बी-खतासोबत कृषी केंद्राकडे गेली. स्वस्त धान्य दुकानातले गहू-तांदूळ घरात आल्यावर ज्वारी नावेच्या पानावरून जवळपास नाहीशी झाली. उरला साबण, बिस्कीट आणि एक रुपयाच्या पुड्या, त्यांची उधारी कुणी लिहीत नाही.

आता या वह्या जातात कुठे ते सांगतो. दुकान मोडले की घराची वाटणी होते, कोठी रिकामी करतात, आणि वह्या रद्दीत किलोने जातात. लाल कापड वेगळे काढून पोतेरे होते. बऱ्याच जणांना त्या ठेवायला भीतीही वाटते, कारण त्यात कुणाकुणाचे शेत लिहून घेतल्याच्या नोंदी आहेत. ही भीती अगदी पोकळ नाही. म्हणून कोणत्याही वाचनालयाने वह्या घेताना खातेदारांची नावे छापणार नाही, असे लिहून द्यावे, आणि गाव, साल, जिन्नस आणि रक्कम एवढेच बाहेर काढावे. याने इतिहास काही कमी होत नाही.

ज्यांच्या घरी आहेत त्यांनी सध्या इतके करावे. प्लास्टिकच्या पिशवीत बांधू नका, आत घाम धरून बुरशी येते. लॅमिनेशन तर मुळीच नको, ते पुन्हा निघत नाही. जुने सुती धोतर किंवा बासन घेऊन सैल गुंडाळा, भिंतीपासून दूर, फळीवर आडव्या ठेवा, उभ्या नको. उभ्या वहीची शिवण सुटते. कसर लागली असेल तर सावलीत वाळवा, उन्हात नको, शाई उडते. फोटो काढायचे तर ओट्यावर सकाळच्या उजेडात, प्रत्येक पानाशेजारी चिठ्ठीवर पान क्रमांक लिहून, आणि कोऱ्या पानांचेही काढा. कोरे पान कोणत्या महिन्यात आले, हीही नोंदच आहे.

येत्या दिवाळीत वहीपूजनाला जुन्या वह्या बाहेर निघतील तेव्हा आपल्या पुरवणीने लेखकांना फोटोग्राफरसोबत पाठवावे, आणि दुकानमालकाला पहिला प्रश्न पणजोबांविषयी न विचारता 'सर्वांत जुनी खतावणी (खातेवही) कोणत्या संवताची?' असा विचारायला सांगावे.

आपला,
एक वाचक, आर्वी तालुका, जि. वर्धा